गोडी लागली, पण शिकणे झाले का?

सातवीचा वर्ग. आज विद्युतधारेचा धडा आहे आणि बाईंनी प्रोजेक्टर आणला आहे. खिडक्या लावल्या जातात, मागची मुले पुढे सरकतात, एरवी गोंगाट करणारी चौकडीसुद्धा गप्प बसते. पडद्यावर तार दिसते, तारेतून निळे ठिपके धावू लागतात, बल्ब पेटतो. आठ मिनिटांनी चित्रफीत संपते. बाई विचारतात, "कळलं का?" एका सुरात उत्तर येते, "हो बाई!" आणि लगेच, "बाई, अजून एक लावा ना!"

दुसऱ्या दिवशी बाई फळ्यावर एक आकृती काढतात. दोन सेल, एकापुढे एक जोडलेले दोन सारखे बल्ब. "कोणता बल्ब जास्त प्रकाश देईल?" वर्गातली बरीच मुले सांगतात, "पहिला. कारण वीज आधी त्याच्याकडे जाते."

हा अनुभव बहुतेक शिक्षकांच्या ओळखीचा असेल. मुले रंगून गेली होती, यात शंका नाही. मग शिकणे कुठे अडले? पडदा, संगणक, टॅब्लेट, मोबाइल अशी साधने आता अनेक शाळांत पोहोचली आहेत. त्यांचा मुलांच्या शिकण्यावर आणि शिकण्याच्या इच्छेवर नेमका काय परिणाम होतो, यावर गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळ संशोधन झाले आहे. त्यातले काही भारतातल्या शाळांतच झाले आहे. या लेखात त्यातील निवडक प्रयोग पाहू.

नवे साधन, जुनी आशा

प्रत्येक नवे साधन वर्गात येताना एक मोठी आशा घेऊन येते. १९१३ मध्ये थॉमस एडिसन यांनी असे भाकीत केले होते की, चलच्चित्रांमुळे शाळेतली पुस्तके लवकरच कालबाह्य होतील. पुस्तके अजून आहेत.

आपल्याकडेही असे टप्पे झाले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात 'साइट' हा उपग्रह-दूरदर्शनचा प्रयोग झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम दाखवले गेले. सकाळचे कार्यक्रम शाळकरी मुलांसाठी असत. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता, पण १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली आणि दूरदर्शनवरचे शालेय कार्यक्रम मराठी मुलांच्या परिचयाचे झाले. त्याच सुमारास केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो संगणक पोहोचले. सप्टेंबर २००४ मध्ये खास शिक्षणासाठी 'एड्युसॅट' उपग्रह सोडण्यात आला. आज पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड असतो.

साधने बदलत गेली, प्रश्न मात्र तोच राहिला. मुलांचे लक्ष वेधले जाते, हे सर्वांना दिसते. पण लक्ष वेधले जाणे, गोडी लागणे, अवघड जागीही चिकाटीने विचार करणे आणि शेवटी गोष्ट समजणे, या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिली झाली म्हणजे चौथी आपोआप होते, असे नाही.

नवेपणाचा वाटा किती?

पुढे काही निकाल आकड्यांत येणार आहेत, म्हणून ते वाचण्याची एक सोपी रीत आधी ठरवून घेऊ. साधन न वापरलेली शंभर मुले गुणांप्रमाणे रांगेत उभी आहेत असे समजा. सर्वात कमी गुणांचे मूल पहिले आणि सर्वात जास्त गुणांचे शंभरावे. अगदी मधले मूल पन्नासाव्या जागी आहे. आता तशाच मध्यम मुलाने साधन वापरून शिक्षण घेतले, तर ते या रांगेत कितव्या जागी जाऊन उभे राहील? पन्नासाच्या पुढे गेले तर फायदा, मागे आले तर तोटा. संशोधक हेच 'प्रमाण विचलन' या मापात सांगतात. मी त्याचे रूपांतर रांगेतल्या जागेत केले आहे, त्यामुळे आकडे साधारण समजावेत.

अमेरिकेतील जेम्स कुलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये माध्यमिक शाळांतील संगणक-शिक्षणाच्या अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र केले. प्रयोग चार आठवडे किंवा त्याहून कमी चालला असेल, तर मधले मूल सरासरीने ७१ व्या जागी गेले होते. पाच ते आठ आठवडे चाललेल्या प्रयोगांत ते ६२ व्या जागी होते आणि आठ आठवड्यांपेक्षा जास्त चाललेल्या प्रयोगांत ५८ व्या. म्हणजे फायदा होता, पण दिवस जातील तसा तो कमी दिसत होता.

रिचर्ड क्लार्क या शिक्षणशास्त्रज्ञांनी त्याच वर्षी याकडे लक्ष वेधले. नव्या वस्तूच्या कुतूहलाने मुले सुरुवातीला जास्त कष्ट घेतात, नवेपणा ओसरला की कष्टही ओसरतात, असा त्यांचा अर्थ होता. त्यांनी एक उपमाही दिली. किराणा माल आणणारा ट्रक बदलला, म्हणून खाणाऱ्याचे पोषण बदलत नाही. पोषण मालावर अवलंबून असते. साधन हा ट्रक आहे आणि शिकवण्याची रीत हा माल. या मतावर पुढे बराच वाद झाला, पण शाळेत नवे साधन आल्यावर पहिल्या महिन्यातला उत्साह पाहून निष्कर्ष काढू नये, एवढा धडा त्यातून नक्कीच घ्यावा.

सोपे वाटते म्हणून

चित्रपट पाहणे आणि पुस्तक वाचणे यांत अवघड काय, असे मुलांना विचारले तर ती काय म्हणतील? गॅव्रिएल सॉलोमन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या सहावीच्या मुलांना हे विचारले. मुलांच्या मते पडदा सोपा आणि छापील मजकूर कठीण. मग सॉलोमन यांनी एकच कथा काही मुलांना पडद्यावर दाखवली आणि काही मुलांना वाचायला दिली. किती डोके चालवावे लागले, हेही विचारले. पडदा पाहणाऱ्या मुलांनी आपण कमी डोके चालवले असे सांगितले. कथेतला न सांगितलेला अर्थ काढण्याच्या प्रश्नांत ती वाचणाऱ्या मुलांपेक्षा मागे पडली.

१९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातला आणखी एक तपशील मोलाचा आहे. ज्या मुलांना आपण पडद्यावरून शिकण्यात पटाईत आहोत असे वाटत होते, ती पडद्यासमोर कमी कष्ट घेत होती. वाचनात मात्र उलट होते. तिथे आत्मविश्वास असलेली मुले जास्त कष्ट घेत होती.

म्हणजे दोष पडद्याचा नाही. 'हे तर सोपे आहे' ही समजूत मनाला सैल सोडते. सातवीच्या त्या वर्गात असेच झाले असावे. निळे ठिपके सुंदर धावत होते. मुलांना काही ठरवायचे नव्हते, काही मोजायचे नव्हते, कुठे अडायचे नव्हते. 'कळलं का' या प्रश्नाला 'हो' हे उत्तर त्यांनी प्रामाणिकपणेच दिले होते. पाहताना कुठेच अडले नाही, याचाच अर्थ त्यांनी कळले असा घेतला.

दोन मिनिटांचा प्रश्न

मग मनाला कामाला कसे लावायचे? याचे एक फार स्वस्त उत्तर हार्वर्ड विद्यापीठातील एरिक माझूर आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगातून मिळते. तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. विषय पडद्याचा नव्हता, भौतिकशास्त्राच्या तासाला टेबलावर करून दाखवल्या जाणाऱ्या प्रात्यक्षिकांचा होता. पण पाहण्यातून शिकणे होते का, हा प्रश्न दोन्हींकडे सारखाच आहे.

विद्यार्थ्यांचे चार गट होते. पहिल्याने प्रात्यक्षिक पाहिलेच नाही. दुसऱ्याने पाहिले आणि शिक्षकांचे स्पष्टीकरण ऐकले. तिसऱ्या गटाला प्रात्यक्षिकाआधी विचारले गेले, "काय होईल असे वाटते?" प्रत्येकाने आपला अंदाज नोंदवला आणि मग प्रात्यक्षिक पाहिले. चौथ्या गटाने अंदाज नोंदवला, प्रात्यक्षिक पाहिले आणि नंतर आपसात चर्चाही केली. सत्राच्या शेवटी सर्वांना त्याच प्रसंगांवर दोन गोष्टी विचारल्या: काय होईल, आणि का होईल.

काय होईल हे बरोबर सांगणाऱ्यांचे प्रमाण चार गटांत अनुक्रमे ६१, ७०, ७७ आणि ८२ टक्के होते. का होईल हे बरोबर सांगणाऱ्यांचे प्रमाण २२, २४, ३० आणि ३२ टक्के होते.

दुसरी ओळ नीट पाहा. प्रात्यक्षिक न पाहिलेल्यांपैकी २२ टक्क्यांना कारण सांगता आले, नुसते पाहिलेल्यांपैकी २४ टक्क्यांना. एवढी तयारी करून दाखवलेल्या प्रात्यक्षिकाने कारणाच्या समजेत जवळजवळ काहीच भर घातली नाही! अंदाज बांधायला लावल्याबरोबर मात्र फरक दिसू लागला. यासाठी किती वेळ जास्त लागला? नुसते दाखवायला सरासरी ११ मिनिटे लागत होती, अंदाजासह १३ मिनिटे आणि चर्चेसह २१ मिनिटे.

असे का होत असावे? ज्याने आधी अंदाज बांधला आहे त्याचे त्या उत्तरात काही गुंतलेले असते. अंदाज चुकला तर तो चमकतो आणि 'असं का झालं?' हा प्रश्न त्याचा स्वतःचा होतो. ज्याने काहीच ठरवले नव्हते, त्याला चमकण्याचे कारण नसते. तो जे पाहतो ते आपल्या जुन्या समजुतीत बसवून टाकतो. कित्येकदा काय पाहिले हेदेखील नंतर त्याला चुकीचे आठवते.

अंदाज नोंदवण्यासाठी परदेशात प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती बटणांचे यंत्र देण्याची पद्धत निघाली. बटण दाबले की कोणत्या पर्यायाला किती मते, हे पडद्यावर दिसते. कॅनडातील भौतिकशास्त्राचे शिक्षक नॅथॅनिएल लॅसरी यांनी एका गटाला ही यंत्रे दिली आणि दुसऱ्याला साधी पुठ्ठ्याची कार्डे. दोन्ही गटांना शिकवण्याची रीत तीच होती: प्रश्न, स्वतःचे उत्तर, शेजाऱ्याशी चर्चा, पुन्हा उत्तर. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निकालात दोन्ही गटांच्या शिकण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. यंत्रामुळे शिक्षकाला मोजणी सोपी झाली, हे खरे. पण ज्या शाळेत यंत्र नाही, तिथे जुन्या वहीच्या पुठ्ठ्यांची चार कार्डे तेच काम करतात.

बक्षिसाने गोडी वाढते का?

आता शिकण्याच्या इच्छेकडे वळू. शिकवणाऱ्या अनेक ॲपमध्ये बरोबर उत्तराला तारे, नाणी, बिल्ले मिळतात. मुले त्यासाठी तासभर बसून गणिते सोडवतात. ही गणिताची गोडी म्हणायची का?

मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला बालवाडीतला एक प्रयोग यासाठी फार उपयोगी आहे. ज्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रे काढायला मुळातच आवडत होते, अशीच मुले त्यांनी निवडली. एका गटाला सांगितले, "चित्र काढलेस तर तुला छान प्रमाणपत्र मिळेल." दुसऱ्या गटाला आधी काही न सांगता नंतर तेच प्रमाणपत्र दिले. तिसऱ्या गटाला काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पेने पुन्हा मांडून ठेवली आणि कोण किती वेळ चित्रे काढतो हे गुपचूप पाहिले. काहीच न मिळालेली मुले मोकळ्या वेळापैकी सुमारे १७ टक्के वेळ चित्रांत रमली. अनपेक्षित बक्षीस मिळालेली सुमारे १८ टक्के. बक्षिसाचे आमिष दाखवलेली मुले मात्र सुमारे ९ टक्केच. जे आवडीचे होते, ते आमिषामुळे कामासारखे झाले होते.

याचा अर्थ शाबासकी देऊ नये असा नाही. अनपेक्षित बक्षिसाने काही बिघडले नव्हते, हे त्याच प्रयोगात दिसते. शिवाय ज्या विषयाची मुळीच गोडी नाही, त्यात पहिले पाऊल टाकायला थोडे आमिष चालू शकेल. पण तारे बंद झाल्यावर मूल गणित सोडवत राहते का, ही खरी परीक्षा. मुलाला टिकवून धरणारा आनंद वेगळाच असतो. कालपर्यंत न येणारी गोष्ट आज स्वतःला आली, हा तो आनंद.

तोच कार्यक्रम, उलटे निकाल

साधनाचा परिणाम वापरावर किती अवलंबून असतो, याचे सर्वात बोलके उदाहरण गुजरातमधले आहे. 'ज्ञानशाला' ही संस्था गरीब वस्त्यांतील मुलांसाठी शाळा चालवते. लेह लिंडेन या अर्थशास्त्रज्ञांनी तिथे दुसरी-तिसरीच्या मुलांसाठीच्या संगणक कार्यक्रमाचा अभ्यास केला आणि २००८ मध्ये निकाल मांडले. कार्यक्रम गणिताच्या सरावाचा होता. काही ठिकाणी तो शाळेच्या वेळेत, शिक्षिकेच्या शिकवण्यातला वेळ काढून घेतला गेला. इतर ठिकाणी तो शाळेच्या वेळेबाहेर, नेहमीच्या शिकवण्यात भर म्हणून झाला.

आपल्या रांगेच्या भाषेत सांगायचे, तर शाळेबाहेरच्या जादा वेळेत संगणक वापरणारे मधले मूल ६१ व्या जागी गेले आणि मागे पडलेल्या मुलांना त्याचा विशेष फायदा झाला. शाळेच्या वेळेत संगणक वापरणारे मधले मूल मात्र २८ व्या जागी घसरले! वर्गात आधीच चांगले शिकवले जात होते. त्यातला वेळ संगणकाने घेतला आणि त्या बदल्यात तेवढे मोलाचे काही दिले नाही.

म्हणून शाळेत नवे साधन आले की पहिला प्रश्न असा विचारावा: हे कशाच्या जागी येणार आहे? कंटाळवाण्या नकलेच्या जागी आले, तर फायद्याचा संभव. मुले हाताने करत असलेल्या प्रयोगाच्या किंवा बाईंशी होणाऱ्या संवादाच्या जागी आले, तर तोट्याचा.

नुसते साधन वाटून काय होते, याचाही निकाल आपल्यासमोर आहे. पेरू देशात सरकारने ग्रामीण प्राथमिक शाळांत मुलांना लॅपटॉप दिले. ३१९ शाळांच्या पाहणीत सुमारे पंधरा महिन्यांनंतर संगणकांची संख्या दर मुलामागे एकाहून अधिक झाली होती. पण २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार भाषा आणि गणित यांच्या गुणांत फरक आढळला नाही.

मागच्या बाकावरचे मूल

मग संगणक वर्गात नकोच का? तसे मुळीच नाही. एक काम असे आहे की ते पन्नास मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाला जवळजवळ अशक्य असते आणि संगणकाला जमू शकते.

दिल्लीत सरकारी शाळांतील चौथी ते नववीच्या ६१९ मुलांवर एक प्रयोग झाला. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहान्द्रो गानीमियन यांनी तो २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. सुरुवातीची चाचणी घेतली तेव्हा कळले की सहावीतले सरासरी मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे होते. म्हणजे पुस्तक सहावीचे, फळ्यावर सहावीची गणिते आणि मुलाची समज तिसरी-चौथीच्या मध्ये कुठेतरी. असे मूल वर्गात बसते, फळा उतरवून घेते, 'कळलं का'ला 'हो' म्हणते आणि वर्षाअखेर पुढच्या इयत्तेत जाते.

सोडत काढून यातील निम्म्या मुलांना शाळेनंतरच्या केंद्रात प्रवेश दिला. तिथे ४५ मिनिटे 'माइंडस्पार्क' या संगणक कार्यक्रमावर आणि ४५ मिनिटे छोट्या गटात एका मार्गदर्शकाबरोबर काम असे. कार्यक्रमाचे वैशिष्ट्य हे की, तो आधी मुलाची खरी पातळी शोधतो आणि तिथूनच प्रश्न द्यायला लागतो. सहावीतल्या मुलाला दुसरीची वजाबाकी येत नसेल, तर तो वजाबाकीपासून सुरू करतो आणि हे शेजारच्या मुलाला कळतही नाही. साडेचार महिन्यांनी प्रवेश मिळालेले मधले मूल गणितात ६४ व्या आणि हिंदीत ५९ व्या जागी होते. संगणकाचा वाटा किती आणि छोट्या गटाचा किती, हे यातून वेगळे काढता येत नाही, तरी एवढ्या थोड्या काळातला हा फायदा मोठा आहे.

या अभ्यासातल्या दोन गोष्टी शिक्षकाने मनात ठेवाव्यात अशा आहेत. प्रवेश न मिळालेल्या मुलांपैकी सर्वात मागच्या एक-तृतीयांश मुलांची गणितातली प्रगती त्या महिन्यांत जवळपास शून्य होती. ती शाळेत जात होती, पण धडा त्यांच्या डोक्यावरून जात होता. दुसरे असे की, केंद्रातल्या मुलांची गणिताची समज वाढली, तरी शाळेच्या परीक्षेतल्या गुणांत ती वाढ दिसली नाही. कारण शाळेची परीक्षा सहावीच्या अभ्यासाची होती आणि मूल आता कुठे तिसरीतून चौथीपर्यंत आले होते. त्याने खरोखर एक पायरी चढली होती, पण आपल्या मोजपट्टीवर ती पायरीच नव्हती.

बडोद्याच्या महापालिका शाळांतही असाच अनुभव आला. २००० च्या सुमारास सरकारने शंभर शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते, पण त्यांचा वापर फारसा होत नव्हता. मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेने त्यावर चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास गणिताचे खेळ देण्यास सुरुवात केली. एका संगणकापुढे दोन मुले बसत आणि खेळ त्यांच्या पातळीचे असत. दोन वर्षांच्या अखेरीस मधले मूल गणितात ६८ व्या जागी पोहोचले. भाषेत मात्र बदल नव्हता, कारण भाषेचा सराव नव्हताच. कार्यक्रम संपल्यानंतर वर्षभराने फायद्याचा बराचसा भाग ओसरला. शिकलेले वापरात राहिले नाही तर पुसट होते, मग ते वहीत शिकलेले असो वा संगणकावर.

पडद्याखेरीज जे दिसत नाही

पडद्याचा दुसरा खरा उपयोग म्हणजे न दिसणारे दाखवणे. तारेतले इलेक्ट्रॉन, पेशीतल्या हालचाली, लाखो वर्षांत सरकणारी खंडे. कोलोराडो विद्यापीठातील नोआ फिंकेलस्टाइन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक निकाल मांडला. विद्युत मंडलांच्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना खऱ्या तारा आणि बल्ब दिले, तर काहींना संगणकावर मंडल जोडता येईल असा कार्यक्रम दिला. त्यात इलेक्ट्रॉन वाहताना दिसत. नंतर संगणकावर काम केलेले विद्यार्थी संकल्पनांच्या प्रश्नांत पुढे होतेच, शिवाय खरे मंडल जोडून त्याचे वर्णन करण्यातही पुढे होते.

इथेही ठिपके धावत होते आणि सातवीच्या वर्गातही. फरक असा की, इथे तार विद्यार्थी जोडत होता. जोडणी बदलली की ठिपक्यांचा वेग बदलत होता, म्हणजे प्रत्येक वेळी त्याचा अंदाज तपासला जात होता.

वर्गात करून पाहा

आता त्या दोन बल्बांकडे परत येऊ. टॉर्चचे दोन सारखे बल्ब, दोन सेल आणि तारेचे तुकडे घ्या. बल्ब तंतूचे असावेत, एलईडी नकोत. एकसर जोडणीचे मंडल तयार करा, पण शेवटची जोडणी सोडून ठेवा. आता मुलांना विचारा: (अ) पहिला बल्ब जास्त प्रकाश देईल, (ब) दुसरा जास्त देईल, (क) दोन्ही सारखे, (ड) एकही पेटणार नाही. प्रत्येकाने कार्ड वर करावे आणि वहीत कारणाचे एक वाक्य लिहावे. शेजाऱ्याशी दोन मिनिटे बोलू द्या, पुन्हा कार्डे वर करा. मगच जोडणी पूर्ण करा.

कधी कधी एक बल्ब थोडा जास्त प्रकाश देतो आणि '(अ)'वाली मुले जल्लोष करतात. अशा वेळी घाबरू नका, ही तर संधी आहे. बल्बांची अदलाबदल करा. जास्त प्रकाश बल्बाबरोबर गेला, तर फरक बल्बात आहे. जागेवरच राहिला, तर जागेमुळे आहे. मुलांना हे आधी सुचते का, ते पाहा. धारा बल्बात 'संपत' नाही, मंडलात सगळीकडे ती सारखीच असते, हे त्यातून निघेल. त्यानंतर धावत्या ठिपक्यांची चित्रफीत दाखवा. आता मुले ती वेगळ्या नजरेने पाहतील, कारण त्यांना तिच्याकडून एका प्रश्नाचे उत्तर हवे असेल.

ही रीत आपल्या शाळेत खरोखर उपयोगी पडते का, हेही तपासता येईल. नववी-दहावीचे विद्यार्थी यात मदत करू शकतील. एकाच इयत्तेच्या दोन तुकड्या घ्या. कोणत्या तुकडीला आधी अंदाज विचारायचा, हे नाणे उडवून ठरवा. आपल्या आवडीने ठरवू नका. दोन्हीकडे चित्रफीत तीच, शिक्षक तेच. पंधरा दिवसांनी, न सांगता, दोनच प्रश्न द्या: काय होईल आणि का होईल. उत्तरे तपासताना वहीवरचे नाव आणि तुकडी झाकून ठेवा. पुढच्या धड्याला तुकड्यांची अदलाबदल करा. एका धड्यावरून निष्कर्ष काढू नका, चार-पाच धड्यांचे आकडे जमू द्या. एका तुकडीत मुळातच हुशार मुले असणे, एका तासाला पाऊस पडून हजेरी कमी असणे, अशा गोष्टी निकाल फिरवू शकतात.

साधन आणायचे की नाही, हा निर्णय बहुधा शिक्षकाच्या हाती नसतो. ते शासनाकडून, कंपनीकडून किंवा गावच्या देणगीतून येते. पण ते सुरू करण्याआधीची दोन मिनिटे शिक्षकाच्या हातात असतात, आणि मागच्या बाकावरचे मूल नेमके कोणत्या पायरीवर आहे हे शोधणेही. आपण हा प्रयोग केलात तर कोणत्या धड्यावर केला, किती मुले होती आणि कार्डांची मोजणी काय आली, ते जरूर कळवा. अपेक्षेपेक्षा वेगळे निकाल आले असतील तर ते आधी कळवा.